नातीच्या काळजावरची चरबी

माझ्या साडूनं मला फसवलं. नाव बाळू, राहणार इस्लामपूर. त्याला त्याच्या कंपनीनं फसवलं की तो आधीपासूनच तिला सामील होता, हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

हा प्रवास देवदर्शनाचा नाही आणि हवापालटाचाही नाही. माझी अकरा वर्षांची नात स्वरा, तिच्या पोटात नेमकं काय चाललंय हे विचारायला आम्ही दोघं म्हसवडहून साताऱ्याला आणि तिथून कराड, इस्लामपूर करत सांगलीला गेलो. वाटेत मजा आली, ती मी लपवणार नाही. पण आधी फसवणूक सांगतो.

मी मेंढरांचा व्यापारी. बापामागं कळप हाकत मोठा झालो, पुढं बाजारात उभा राहिलो, आणि आता माझ्याशिवाय आमच्या भागातला बकऱ्यांचा बाजार नीट भरत नाही असं लोक म्हणतात. मी त्यांना अडवत नाही. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हात पुढं करायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभं राहिलेल्याला काही कळत नाही, पण रुमालाखालच्या दोघांना सगळं कळतं. मीठ चारून आणि वर पाणी पाजून फुगवलेलं बकरं मी पाठीवर हात ठेवला की ओळखतो.

अशा माणसाला बाळूनं गुलाबी रंगाच्या बाटल्यांचं खोकं विकलं. बाटलीवर गुटगुटीत पोराचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'पोटातल्या मित्रजंतूंसाठी'. बाळू म्हणाला होता, "पावणं, माणसाच्या पोटात चांगलं जंतू असत्यात. त्यास्नी खायला घाटलं की पोरगी कशी टवटवीत ऱ्हाती बघा." मी भाव पाडला. असा पाडला की बाळू रडकुंडीला आला, असं मला तेव्हा वाटलं. तेव्हापासून स्वरा रोज शाळेतून आली की एक बाटली आणि जेवल्यावर एक बाटली पीत होती. अंगानं भरत होती. आम्ही म्हणत होतो, बाळसं धरलंय. तिच्या मानेवर काळा पट्टा उमटला, तेव्हा सून जयश्रीनं तो मळ समजून डाळीच्या पिठानं घासघास घासला. पोरगी कळवळायची, पट्टा जायचा नाही. शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो पट्टा पाहिला, वजन पाहिलं आणि चिठ्ठी दिली की साताऱ्याला नेऊन पोटाची सोनोग्राफी करा.

मुलगा फौजेत, लांब राजस्थानात. तेव्हा नेणार कोण? मीच.

सातारा

म्हसवडहून साताऱ्याला जाताना जमिनीचा रंग बदलत जातो. आमच्याकडं माळ, बाभळी आणि वाऱ्यावर उडणारी माती. पुसेगाव मागं पडलं की हिरवं दिसायला लागतं, आणि कोरेगावापुढं तर पाणी पाटातून असं वाहतं की आमच्यासारख्याला ते उगाच सांडल्यासारखं वाटतं. स्वरानं खिडकीतून विचारलं, "आबा, हितं नळ बंद करत न्हाईत व्हय?"

साताऱ्यात अजिंक्यतारा डोक्यावर घेऊनच सगळं गाव वावरतं. कुठल्याही गल्लीतून मान वर केली की किल्ला दिसतो. आम्ही तपासणीला गेलो. स्वराच्या पोटावर थंडगार मलम लावलं, तशी ती खिदळायला लागली, आणि आतला डॉक्टर म्हणाला, "हसू नकोस, यकृत हलतंय." मग तो पडद्याकडं बघत गप्प झाला. मला त्या गप्प होण्याचा राग आला. बाजारातही समोरचा गप्प झाला की समजायचं, मालात खोट आहे.

"यकृतात चरबी साठलीय," तो म्हणाला. "लिव्हर. मुलांमध्येही दिसतं हल्ली. सांगलीला मुलांच्या यकृताच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. तोवर साखर आणि बाटलीतली गोड पेयं बंद."

आता मला यकृत हा शब्द वापरायची सवय नाही. आम्ही बकरं कापलं की त्यातल्या लिव्हरला काळीज म्हणतो. चांगलं काळीज गडद तांबडं आणि घट्ट असतं. चरबी धरलेलं पिवळट पडतं, बोट लावलं तर खचतं. ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. बाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन लावला आणि जयश्रीला सरळ सांगितलं, "पोरीच्या काळजाला चरबी धरलीया."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मला वाटलं, लिव्हरचं ऐकून रडते आहे. मी म्हटलं, "आगं, सांगलीला न्हेतो की." आणि फोन ठेवला. इथं घोटाळा झाला, पण तो मला दुसऱ्या दिवशी कळला.

स्वराला साताऱ्याचे कंदी पेढे हवे होते. राजवाड्याजवळच्या दुकानात ती अशी उभी राहिली की जणू दुकानदार तिचा मामा. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवूस्तोवर न्हाई." ती म्हणाली, "एक?" मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "अर्धा, आन् उरल्याला तुमी खायचा." पोरीचं रक्त माझंच आहे. आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला. पेढा चांगलाच होता, खरपूस. खोटं कशाला बोलू?

कराड

कराडला माझी धाकटी बहीण राहते, तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्याकडं मुक्काम. एस.टी.तून उतरतो तो काय, स्टँडवर आक्का, तिचे दोन दीर, शेजारीण, आणि आमच्या गावचा एक जण जो कराडला बाजाराला आला होता, सगळे डोळे पुसत उभे. आक्कानं स्वराला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला, "एवढ्याशा लेकराचं काळीज गं माझ्या बाई!"

"आगं, काय झालं?" मी म्हणालो.

"आवं दादा, हार्टचं ऑपरेशन कवा हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बकऱ्याचं काळीज म्हणालो, जयश्रीनं माणसाचं काळीज ऐकलं. खाटकाच्या दुकानात काळीज पोटात असतं आणि बायकांच्या बोलण्यात ते छातीत असतं. जयश्रीनं माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं आक्काला, आणि राजस्थानात बसलेल्या माझ्या मुलानं तर सुट्टीचा अर्जसुद्धा दिला होता. मी स्टँडवरच ओरडलो, "हार्ट न्हवं! काळीज! पोटातलं! कलेजी!" शेजारची माणसं बघायला लागली. एक रिक्षावाला म्हणाला, "कलेजी पायजे तर तिकडं मटण मार्केटात जावा, काका."

आक्काच्या घरी गेलो तर देव्हाऱ्यापुढं पेढ्यांचे पुडे, ग्लुकोजची पावडर, बिस्किटं, आंब्याचं सरबत. आजारी माणसाला भेटायला जाताना गोड न्यायचं, ही आमची रीत. ज्या पोरीला साखरेपासून लांब ठेवायचं, तिच्यापुढं सगळ्या नात्यागोत्यानं साखर आणून ठेवली होती. स्वरा सगळ्याकडं बघून म्हणाली, "आबा, मला आसंच आजारी ऱ्हायचंय."

संध्याकाळी तिला प्रीतिसंगमावर फिरायला नेलं. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येतात आणि एकमेकींना धडकून एका अंगाला वळतात. स्वरा म्हणाली, "ह्या दोघी भांडत्यात आन् मग संगंच जात्यात." मी म्हणालो, "आक्का आन् तुझ्या आजीवानी." आक्का मागून ऐकत होती. रात्री तिनं मला वांगं वाढताना हात आखडता घेतला. कृष्णाकाठचं भरलं वांगं खाल्लं नसेल त्यांना सांगतो, त्याला बी कमी, चव जास्त, आणि आमच्याकडच्या वांग्यासारखा कडवटपणा नाही. इथली माणसंही तशीच. गोड बोलतात, गोड खातात, चहात चमचा उभा राहील एवढी साखर घालतात. आमच्याकडं खर्डा-भाकरी, आणि बोलणंही खर्ड्यासारखं.

इस्लामपूर

स्वरासाठी घरून घेतलेल्या दोन बाटल्या मी बाळूला जाब विचारायला पिशवीत ठेवल्या होत्या. एक न फोडलेली, एक स्वरानं म्हसवडहून निघताना अर्धी पिऊन बूच घट्ट लावलेली. त्या त्याच्या समोर टेबलावर आपटायच्या, असं मी ठरवलं होतं. पण उन्हातून फिरून पिशवी तापली होती. पेठ नाक्याच्या पुढं एस.टी.नं खड्ड्यात आदळा घेतला आणि पिशवीत फटाका वाजला. अर्ध्या बाटलीचं बूच उडालं आणि पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याच्या मानेवरून गुलाबी फेस ओघळला.

"काय हाय रं ह्ये?" तो उठून उभा राहिला.

"औषध हाय," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं बोटावर घेऊन वास घेतला. "ह्ये औषध? गड्या, ह्येला ताडीचा वास येतुया!"

सगळी गाडी हसली. मी माझा रुमाल काढून त्याची मान पुसली आणि टोपी धुऊन द्यायची तयारी दाखवली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. घरी म्हातारीला सांगतो, रंग खेळून आलो." अशी माणसं एस.टी.तच भेटतात.

बाळूच्या घरी माझी मेव्हणी एकटीच. तिनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि माझं तोंड बघून दोन पावलं मागं सरकली. "ते सांगलीला मिटिंगला गेल्यात, दाजी. उद्या मोट्टी सभा हाय त्यांची."

"सभा? ह्यो काय मंत्री हाय?"

"टाय घालून गेल्यात," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आवरेना.

सांगली

सांगलीत शिरताना नाकाला आधी हळद लागते. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की शिंका येतात. आमच्याकडं वाऱ्यावर लेंड्यांचा वास, इथं हळदीचा. स्वरा म्हणाली, "हितल्या लोकांना भाजीत हळद घालाया लागत न्हाई, नाकानंच जाती."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मिरजेकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी स्वराशी गप्पा मारल्या, मग मान पाहिली, 'हा मळ नाही, याच बिघाडाची खूण आहे' म्हणाल्या, पोट चाचपलं, रिपोर्ट पाहिले. मी आल्या आल्या फटाक्याची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या आणि मग गंभीर झाल्या.

"आजोबा, तुमच्या बाटलीनं मला समजावून सांगायचं काम सोपं केलं. पोटात खरंच असंख्य जंतू असतात. चांगलेही, त्रास देणारेही. त्यांना काय खायला मिळतं त्यावर त्यांची गर्दी बदलते. नुसती साखर दिली की काही जंतू माजतात. त्यातले काही तर साखरेची थोडी दारूच करतात, तुमच्या बाटलीत झाली तशी. काही मुलांच्या बाबतीत असं आढळलंय. आतड्यातून ते सगळं थेट यकृताकडं जातं, कारण आतड्याचं रक्त आधी यकृतातूनच फिरतं."

"म्हंजी माझ्या नातीनं थेंब न घेता काळीज दारुड्याचं?"

"तसं म्हणू नका. पोरीला दोष लावू नका. आणि एकट्या बाटलीला फाशी देऊ नका. बिस्किटं, सरबतं, दिवसभर मोबाईल घेऊन बसणं, घराण्यातला गुण, सगळं मिळून होतं हे. जंतू आधी बिघडतात की यकृत आधी, यावर अजून अभ्यास चालू आहे. मला माहीत नाही ते मी माहीत आहे म्हणणार नाही."

ही गोष्ट मला आवडली. बाजारात 'मला माहीत नाही' म्हणणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

मी म्हणालो, "मेंढराला एकदम मका चारला की त्येचं पोट आसंच बिघडतं. माझा बाप धडधाकट मेंढीच्या तोंडातला रवंथ काढून आजारी मेंढीला पाजायचा."

"ते बरोबरच करायचे. चांगले जंतू एका पोटातून दुसऱ्या पोटात."

"मग स्वरालाबी…"

"आबा!" स्वरा किंचाळली. "मी कुणाचं उष्टं खानार न्हाई!"

बाई हसून हसून खुर्चीत मागं टेकल्या. "माणसांत असलं काही काही करून बघतायत, पण या आजारासाठी ते औषध नाही. कुठली पावडर, कुठली बाटली यकृतातली चरबी काढते असंही अजून सिद्ध नाही. उपाय कंटाळवाणा आहे. घरचं जेवण, भाकरी, कडधान्य, पालेभाजी. रोज घाम येईपर्यंत खेळणं. आणि गोड पेयं बंद. लवकर सापडलंय, ही आपली कमाई समजा. या वयात यकृत पुन्हा नीट होतं, मागं फिरतं."

मागं फिरतं. हे शब्द ऐकले आणि साताऱ्यापासून छातीत बसलेला दगड हलला.

पण स्वराचं तोंड उतरलं होतं. भाकरी चालेल, खेळणं चालेल, पण गोड पेयं बंद हे तिला पटेना. मी म्हणालो, "सौदा करू." खांद्यावरचा रुमाल काढला. त्यावर गुलाबी डाग अजून होता. आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. तिला ही बोटांची भाषा मी खेळता खेळता शिकवलेली आहे. तिनं माझी चार बोटं दाबली. आठवड्याला चार. मी तिचं एक बोट दाबलं. ती तीनवर आली. मी एकावरच. ती दोनवर आली आणि तोंड असं केलं की जणू मी तिची मेंढी चोरली. मी विरघळायला लागलो होतो. दोनाला काय होतंय, असं मनात आलंच होतं.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

स्वरानं सगळी रीत समजावली. बाईंनी टेबलावरून हात पुढं केला, रुमालाखाली घातला आणि आमच्या दोघांच्या मध्ये मूठ मिटून धरली.

मी ती मूठ चाचपली. एक बोट सुटं नाही. आयुष्यात रुमालाखाली अशी बोली मला कुणी लावली नव्हती.

"शून्याला काय म्हंत्यात?" स्वरानं मला हळूच विचारलं.

"बाजारात शून्याला सौदा होत न्हाई," मी म्हणालो.

"हा बाजार नाही," बाई म्हणाल्या. "ताक पी, लिंबूपाणी पी मीठ घालून. पाहिजे तेवढं. पण हे नाही."

स्वरानं बराच वेळ मुठीवर हात ठेवला. मग तिनंही मूठ मिटली. मग मी. रुमालाखाली तीन मुठी. सौदा झाला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आबा, तुमी आज हारला." मी म्हणालो, "पैल्यांदा." तिला भडंग घेऊन दिलं, मिरच्या-लसणाचं. सांगलीत येऊन भडंग न खाता जाणं म्हणजे बाजारात जाऊन हात खिशात ठेवणं. बाईंना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, मूठभर. या बाईंचं सगळं मुठीतच असतं.

मग आम्ही बाळूच्या सभेला गेलो.

एका कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या, समोर गुलाबी बाटल्यांचा मनोरा, आणि बाळू टाय घालून माईकसमोर. टाय गळ्याला अशी आवळली होती की दावणीचा बैल बरा. "आतडं सुखी, तर घर सुखी!" तो म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी उभा राहिलो.

"बाळू!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आवाज माईकमध्येच बसला. "पावणं… तुमी हितं कसं?"

"ह्या बाटलीत साखर किती हाय ते सांग."

"पावणं, घरचं भांडण घरी…"

"घरचंच हाय. माझ्या नातीच्या काळजाला चरबी धरलीया."

बाळू धावत खाली आला. त्याला आधी हार्टचंच वाटलं, तोंड पांढरं पडलं. स्वरानं त्याला सगळं नीट सांगितलं, बाईंनी सांगितलं तसं, जंतूंपासून चरबीपर्यंत. सांगता सांगता ती थांबली आणि त्याच्या गळ्याकडं बघायला लागली.

"बाळूआबा, टाय काढा की."

"कशाला गं?"

"काढा तर."

त्यानं गाठ सैल केली. कॉलरच्या आत मानेवर जाड काळा पट्टा. स्वराच्या मानेवर आहे तसाच.

"ह्यो मळ हाय," बाळू म्हणाला. "तुझी इस्लामपूरची आजी रोज घासती, पर जात न्हाई."

मला हसू यावं की रडू, कळेना. विचारलं तर कळलं, हा माणूस ती बाटली रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः पीत होता. खोटं विकणारा माणूस आपला माल स्वतः खात नाही, हा बाजारातला पहिला धडा. बाळू सामील नव्हता. बाळूही फुगवलेलं बकरंच होता.

तरी मी सोडला नाही. रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि म्हणालो, "भाव नको. साखरंचा आकडा बोल. बोटं दाब."

त्याचा हात माझ्या हातात नुसता पडून राहिला. घामानं ओला. एक बोटही हललं नाही. त्याला माहीतच नव्हतं. बाटलीच्या मागं कुठंतरी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते छापलेलं होतं, आणि माझा साडू, जो ती बाटली विकतो, पितो आणि माईकवर तिचे गोडवे गातो, त्यानं ते कधी वाचलं नव्हतं. स्वरानं बाटली उजेडात धरून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हातातली बाटली हळूच खुर्चीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बाळूला ओढत त्याच डॉक्टरीणबाईंकडून मोठ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी घ्यायला नेलं. मग विटा, आटपाडी करत आम्ही म्हसवडला आलो. जमीन पुन्हा तांबडी झाली, पाणी पुन्हा टाकीत मोजून, आणि घरी जयश्रीनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करून ठेवलं होतं. स्वरा म्हणाली, "ह्ये न्हाई आवडत." मी म्हणालो, "मलाबी." दोघांनी खाल्लं. आता संध्याकाळी ती कोकरांमागं माळावर पळते आणि मी तिच्यामागं. माझाही घाम निघतो. मानेवरचा पट्टा अजून आहे, पण जयश्रीनं घासणं बंद केलंय.

बाळूचा माझा हिशेब मिटला. तो फसला, मीही फसलो. पण रुमालाची एक रीत आहे, ती मी साऱ्यांना सांगतो. रुमाल बघ्यांपासून भाव लपवतो, घेणाऱ्यापासून नाही. घेणाऱ्याच्या हातात बोट असतंच. त्या बाटलीचं चकचकीत वेष्टन हाही एक रुमालच आहे, पण तो घेणाऱ्यावरच टाकलेला आहे. पुढं गुटगुटीत पोराचं चित्र, मागं मुंगीच्या पायांची अक्षरं. असला सौदा आमच्या बाजारात कुणी केला, तर त्याला वेशीबाहेर काढतात.

ज्यानं ते चित्र काढायला सांगितलं आणि ती अक्षरं बारीक करायला सांगितली, त्याचं नाव बाळूला माहीत नाही, मलाही माहीत नाही. पण तो माणूस कुठंतरी आहे. त्यानं म्हसवडच्या बाजारात यावं. रुमाल मी आणणार नाही. उघड्यावर, चारचौघांत, माझ्या नातीच्या डोळ्यांत बघून त्यानं सांगावं, जंतूंचं नाव पुढं करून लेकराला साखर कुणी पाजली?